चरबी उतरेपर्यंत

३ फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझं लिव्हर कामाचं नाही. म्हणजे माझ्यापुरतं आहे, पण ताईला द्यायच्या लायकीचं नाही. रक्तगट जुळतो, आकार जुळतो, फक्त आत चरबी भरलीय. असलं लिव्हर कापून अर्धं दिलं तर उरलेलं मला पुरणार नाही आणि दिलेलं तिच्यात रुजणार नाही. तीन महिने व्यायाम करा, खाणं आवरा, मग पुन्हा तपासू, म्हणाल्या. ताईकडे तीन महिने आहेत का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बहुतेक.’

मला राग आला तो त्या ‘बहुतेक’चा नाही, स्वतःचा. चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसून जन्म काढला. काचा घासायच्या, दांड्या वाकवायच्या, आणि सगळं हाताच्या अंतरावर मांडून ठेवलेलं. पोट पुढे आलं तसं स्टूल मागे सरकवत गेलो.

ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाबा कायम फिरतीवर, त्यामुळे मला ताईनं वाढवलं. तेही कडेवर. मला दमा होता, जिना चढताना मी निळा पडायचो, असं ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. लग्न केलं नाही. शिवणाचा क्लास चालवला आणि मला दुकान घालून दिलं. दारूचा थेंब कधी शिवला नाही, तरी तिच्या शरीरानं तिचंच लिव्हर पोखरून ठेवलंय. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं झालंय.

रोज काय केलं ते लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. बायको म्हणाली, ‘चाललात किती ते लिहा, रडगाणं नको.’

बघू.

५ फेब्रुवारी

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायाम शिकवणारी एक मुलगी आहे. मला काका म्हणते. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘काका, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा.’ मी उठलो, पण खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मग पायाकडे बोट दाखवून तिनं मला दुकानदाराच्या भाषेत समजावलं. मांड्या म्हणजे शरीरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या कामाला लागल्या की रक्तातली साखर उचलतात. गिऱ्हाईकच दुकानात आलं नाही तर माल पडून राहतो, आणि लिव्हर बिचारं त्याची चरबी करून गोदामात भरत बसतं. ‘पोट कमी झालेलं दिसायच्या आधी आतलं गोदाम रिकामं व्हायला लागतं,’ म्हणाली. मला हे फार आवडलं. घरी येऊन बायकोला असं सांगितलं की जणू मीच शोध लावलाय.

७ फेब्रुवारी

बसता येत नाही. बसलो तर उठता येत नाही. जिना उतरताना प्रत्येक पायरीला तोंडातून एक आवाज येतो, आणि शेजारच्या आजीबाईंनी आज मला मलम आणून दिलं.

फोन करून त्या व्यायामवाल्या मुलीला विचारलं की काही तुटलंय का. म्हणाली, तुटलंयच, पण केसाहून बारीक. स्नायूंचे धागे ताणले जातात, मग शरीर त्यांची डागडुजी करताना आधीपेक्षा जरा जाड टाका घालतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. ताईला सांगितलं तर ती शिवणवाली बाई, तिला टाक्याचं पटायला हवं होतं. पण ती म्हणाली, ‘कशाला जिवाला त्रास करून घेतोस.’

१२ फेब्रुवारी

कित्येक महिन्यांनी ताईला स्वयंपाकाचा हुरूप आलाय. मला मुद्दाम बोलावून बटाटे तळून घातले. कुरकुरीत, वर मीठमिरी. तिला स्वतःला असलं काही चालत नाही, तर समोर बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडाला चव नाही, निदान मी खाल्लेलं बघून तिला बरं वाटतं, तर नाही कसं म्हणू? ताटलीभर खाल्ले. आणखी वाढले तेही खाल्ले.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, ‘बटाटे? ताईंनी?’ मी म्हटलं, हो, बघ ना, बरं लक्षण आहे.

२० फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाईंकडे दोघं गेलो होतो. ताईनं भुलीबद्दल विचारलं. माणूस शुद्धीवर येतोच ना? थोड्या वेळानं पुन्हा तेच. निघताना दारात थांबून पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिलं. स्वतःच्या ऑपरेशनची धास्ती घेतलीय तिनं. रिक्षात मी तिचा हात धरून म्हटलं, तुला काही होणार नाही. ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी भलतंच बोललोय.

२७ फेब्रुवारी

ताईच्या घरी सध्या काही ना काही बिघडतं, आणि ते नेमकं माझ्या चालायच्या वेळेला. सोमवारी नळ गळत होता. आज कपाट सरकवायचं होतं. सरकवलं, तर म्हणाली पहिल्या जागीच बरं होतं. आजारानं माणूस चंचल होतं. कपाट परत सरकवलं, आणि मुलीला विचारलं की हे व्यायामात धरायचं का. धरा म्हणाली.

तिच्याकडे जायला लिफ्ट वापरतो. चौथा मजला. ताईनं शपथ घातलीय की जिन्यानं यायचं नाही, दमा उलटेल. दमा जाऊन तीस वर्षं झाली.

९ मार्च

आज एक गंमत. काल जड वाटणारं वजन आज सहज उचललं, पण आरशात दंड होता तसाच, उशीसारखा. मुलगी म्हणाली, सुरुवातीला स्नायू वाढत नाहीत, मेंदू शिकतो. जे स्नायू घरात असूनही वर्षानुवर्षं झोपा काढत होते त्यांना तो हाक मारायला लागतो. म्हणजे माझ्यात एवढा बाहुबली होता आणि मला पत्ता नव्हता!

झोप दगडासारखी लागते. सकाळी पोट साफ. हे वहीत लिहू नका, असं बायको म्हणते, पण डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहायला सांगितलंय.

१८ मार्च

ताईनं केक केला. लोण्याचा. मी सांगितलं की बाई, मला हे चालत नाही, चरबी उतरवायचीय. ती म्हणाली, ‘एवढ्याशानं काय होतंय.’ मी खाल्ला नाही. तिचे डोळे भरून आले. मग खाल्ला.

घरी येऊन मी दुप्पट चाललो. नदीच्या कडेनं पार पुलापर्यंत. येताना बायको सोबत होती, ती वाटेत एकदम म्हणाली की मी उद्या ताईंकडे एकटीच जाऊन येते. बायकांचं काही असेल.

१९ मार्च

बायको जाऊन आली. डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरला तिथे.

२ एप्रिल

नाडी मंदावलीय. घाबरलो. पूर्वी बसल्या जागीही भरभर चालायची. मुलीनं सांगितलं, हृदय आता एका ठोक्यात जास्त रक्त लोटतं, म्हणून त्याला घाई राहिलेली नाही. ‘काका, त्याला आता मध्ये मध्ये विसावा मिळतो.’ संध्याकाळभर मनगटावर बोट ठेवून बसलो होतो. गिऱ्हाईकाला वाटलं माझी तब्येत बिघडलीय.

कमरेचा पट्टा आतल्या भोकावर आला. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते मनाचं. इतका काळजीत असूनही सकाळी चालून आलो की तासभर तरी सगळं होईल असं वाटतं. हे कुठल्या अवयवातून येतं ते विचारायला हवं.

१४ एप्रिल

ताई बोलता बोलता थांबली. ‘ते हे... ज्यानं कापतात ते...’ कात्री हा शब्द तिला सापडेना. आयुष्यभर जिच्या हातात कात्री होती तिला. मी शब्द दिला. तिनं मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मुलीला गाठलं. ती म्हणाली, लिव्हर थकलं की रक्तातलं विष डोक्यापर्यंत जातं. पण त्यातलं थोडं विष स्नायूही गिळतात. लिव्हरला झेपत नाही ते काम ते आपल्या अंगावर घेतात. म्हणून मावशींचेही स्नायू टिकायला हवेत. ऑपरेशनला तर हवेतच. त्यांना बिछान्यात सोडू नका, रोज आणा.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘माझ्यात आता काय उरलंय वाढवायला?’ तिचे दंड बघितले. बाही नुसती लटकते. माझे वाढतायत आणि तिचे जातायत. ही कसली वाटणी?

४ मे

उतरली! डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावून दाखवला. मला दोन्ही ढगासारखे दिसले, पण त्या हसल्या, त्या अर्थी उतरली. या महिन्याअखेर ऑपरेशन करता येईल. मी तळमजल्यावर जाऊन मुलीला सांगितलं, ती खुर्चीवर बसून चक्क रडली. मग बायकोला फोन. मग ताईकडे.

आता जे झालं ते लिहितो.

ताई मशीनपाशी बसली होती. मी सांगितलं. ती उठली, पाणी आणलं, मी पिईपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘मी नाही घेणार.’

मला वाटलं तिला ऐकू नीट आलं नाही. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंना मी कळवते, तुझ्यावर येऊ देणार नाही. मी ओरडलो. तीन महिने मी काय केलं, माहितेय ना, म्हणालो. नाही नाही ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, ‘आईसुद्धा चालत आत गेली होती. बारीकसं ऑपरेशन. मी तिची वेणी घातली. ती म्हणाली, याला भरव, तोवर येतेच मी. तू माझ्या कडेवर होतास.’

मला कायम एवढंच सांगितलं होतं की आई आजारपणात गेली.

‘ती उठलीच नाही रे,’ ताई म्हणाली. ‘आता तुला धडधाकट आत पाठवू आणि मी बाहेर... नाही. मला जगायचंय, पण असं नाही.’

मी निघून आलो.

९ मे

चालायला गेलो नाही. कालही नाही, परवाही नाही. आज बायकोनं तोंड उघडलं. तिनं विचारलं, ‘तीन महिने बटाटे आणि केक खाऊन येत होतात, तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की ताई तुम्हाला लठ्ठ ठेवायला बघतायत?’

नाही वाटलं. मला वाटलं लाड करतेय.

लाडच होते ते, म्हणाली. नळ, कपाट, सगळं. मार्चमध्ये ती गेली तेव्हा ताईनं तिला आईचं सांगितलं आणि गप्प राहण्याचं वचन घेतलं. बायको म्हणाली, ‘मी वचन पाळलं, पण रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर चाललेही. दुसरं काय करणार होते?’

दुसऱ्याला लांबचं दिसावं म्हणून दिवसभर काचा घासतो. असो.

१० मे

सकाळी पायांना बसवेना. मन म्हणत होतं पडून राहू, पण पाय काही ऐकत नव्हते, तीन महिन्यांनी त्यांना वाईट सवय लागलीय. निघालो. पुलाकडे न वळता ते मला ताईच्या इमारतीकडे घेऊन गेले. लिफ्ट उभी होती. मी जिन्यानं चढलो, कुठेही न थांबता.

ताईनं दार उघडलं. म्हणाली, ‘लिफ्ट बंद आहे?’

‘नाही. चढून आलो.’

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला धरून खुर्चीत बसवायला लागली. मी म्हटलं, थांब, उभाच राहतो, तू हात ठेव. तिचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला. लहानपणी ती असाच हात ठेवून माझा दमा ओसरायची वाट बघायची. आत ठोके पडत होते, जोरात, पण एकसारखे. ती कान देऊन ऐकावं तशी उभी होती. बघता बघता ते संथ झाले. श्वास तर त्याआधीच सुरळीत झाला होता.

‘एवढ्यात शांत झालं?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘शिट्टी वाजत नाही आत?’

‘किती वर्षांत नाही, ताई.’

तिनं हात काढला नाही. मी काही समजावलं नाही, आईबद्दलही बोललो नाही. एवढंच म्हटलं की तुझ्या कडेवरचं ते पोर आता नाही, आता मी तुला कडेवर घेऊन हा जिना उतरू शकतो; उतरून दाखवू का? ती म्हणाली, मेल्या, पाडशील. आणि मग रडायला लागली. आईसाठी रडायचं राहिलं होतं तेही त्यात असावं. मी उभाच राहिलो.

नंतर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, ‘त्या मुलीकडे मला कधी नेतोस?’

१३ मे

ताई खुर्चीतून उठली, बसली, उठली. मुलगी म्हणाली, मावशी, पुरे. मावशी म्हणाल्या, पुरे काय, याला किती करायला लावलंस? शिवणाच्या क्लासला इतक्या मुलींना रडवलेली बाई, ती व्यायामात कशी सूट घेईल! रबरी पट्टा दोन्ही हातांनी ताणताना तिच्या मानेवर एक शीर उभी राहिली. मला ती शीर बघून फार बरं वाटलं.

२७ मे

उद्या सकाळी. मला आधी नेणार, तिला मागाहून. ताईला मी म्हटलं, तू मला काही सांगू नकोस, येतोच मी वगैरे मीही म्हणणार नाही. ती हो म्हणाली. मग तिनं माझे केस सारखे केले, आहेत तेवढे.

भीती वाटतेय. आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं.

३१ मे

उठलो. एवढंच लिहवतंय. ताईपण.

२ जून

पोटावर केवढी मोठी शिवण. खोकायचं असलं की उशी पोटाशी आवळून धरायची. प्लास्टिकच्या एका खेळण्यासारख्या यंत्राच्या नळीतून श्वास ओढून त्यातले गोळे वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसाचा तळ उघडा राहतो. मुलगी दुसऱ्याच दिवशी आली आणि मला खाटेच्या कडेला बसवलं. मी तिला शिव्या दिल्या म्हणे. मला आठवत नाही. ती म्हणते, पाठ झाल्यात.

आज भिंतीला धरून ताईच्या खोलीपर्यंत गेलो. जंतू नकोत म्हणून आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं. नळ्यांच्या जंजाळात ती डोळे मिटून पडली होती. पण चादरीखाली पाय हलत होते, पंजे पुढे, पंजे मागे. पोटऱ्यांत रक्त थांबून गुठळी होऊ नये म्हणून तसं करायचं असतं. नर्स म्हणाली, शुद्ध आल्यापासून चाललंय, थांबा म्हटलं तर रागावतात.

मी काच वाजवली. तिनं डोळे उघडले. पिवळेपणा अजून होता, पण कमी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा वरपासून. मी हसलो आणि शिवण अशी खेचली की खाली बसलो.

२० जून

घरी. तीही आमच्याकडेच. बायको दोघांना एकाच तालात उठवते, बसवते, चालवते. जेवायला बसलो की ताई माझ्या ताटलीतून बटाटे काढून घेते. म्हणते, हे लिव्हर आता दोघांची सामाईक मालमत्ता आहे, त्यात पुन्हा चरबी नको.

६ सप्टेंबर

तपासणी झाली. माझं उरलेलं लिव्हर जवळजवळ पहिल्याएवढं वाढलंय. तिच्यातलंही वाढतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात असा दुसरा अवयव नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं नदीकाठी गेलो. ताई आता छान चालते, हळू, पण थांबत नाही. हातात कापडाची पिशवी होती, वाटेत धागे घ्यायचे होते तिला. क्लास पुन्हा सुरू करणार म्हणते. मी नादात पुढे निघून गेलो होतो. मागून तिनं हाक मारली नाही, म्हणून वळून बघितलं, तर ती जागच्या जागी उभी होती. मी घाबरून परत आलो. दुखतंय का, विचारलं.

नाही, म्हणाली. माझ्या पायांकडे बघत होती.

‘तू कधी इतका भराभर चाललाच नव्हतास, म्हणून मला कळलं नाही. आई अशीच चालायची. टाचा आपटत. जिन्यात नुसत्या आवाजावरून कळायचं, आली म्हणून.’

आईचं जाणं सोडलं, तर इतक्या वर्षांत आईबद्दल तिनं मला स्वतःहून सांगितलेलं हे पहिलंच. तिनंच पुढे सांगितलं, आईला बसून राहणं माहीतच नव्हतं, बाजारातून येताना शेजारणी मागे पडायच्या, मग ती कोपऱ्यावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेत राहायची. ताई सांगत होती आणि चालत होती, दम न लागता.

दुकानापाशी ती म्हणाली, तू हो पुढे, मी धागे बघून येते, मला वेळ लागेल. मी एकटाच घराकडे निघालो. रस्ता रिकामा होता. कोपऱ्यापर्यंत मी मुद्दाम जरा जोरात चाललो आणि टाचांचा आवाज ऐकत गेलो.